अब्बांच्या गोळ्यांचा डबा

अम्मींची इद्दत पूर्ण झाल्यावर एका रविवारी आम्ही चौघे भावंडे अब्बांचे कपाट आवरायला बसलो. कुर्ते, टोप्या, छत्री, पेन्शनची पुस्तके यांची वाटणी लगेच झाली. राहिला तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. धाकट्याने तो चटईवर उपडा केला आणि आम्ही गप्प झालो. डबा गोळ्यांनी गच्च भरला होता.

आमच्या घरात अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, ही शिकवण. वुजू करताना नळ मोठा सोडला तरी अब्बा आतून आवाज देत, "इस्राफ होतोय!" त्याच अब्बांच्या डब्यात हा ढीग! साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या, पित्ताच्या गोळ्या, तीन अर्धवट खोकल्याची औषधे. धाकट्याने कुवेतहून आणलेल्या जीवनसत्त्वांच्या दोन बाटल्या सील न फोडलेल्या. आणि सर्वांत जास्त पाकिटे रक्तदाबाच्या गोळीची. अकरा पाकिटे कोरी आणि सात अर्धी. मोजल्या तेव्हा १४३ गोळ्या भरल्या. रोज एक घ्यायची असताना हे जवळजवळ पाच महिन्यांचे औषध होते.

आधी आम्ही दोष स्वतःच्या हिशेबीपणाला दिला. सवलत मिळते म्हणून आम्ही तीन-तीन महिन्यांचे औषध एकदम आणत होतो. मधेच डॉक्टरांनी ४० ऐवजी ८० ची गोळी सुरू केली, म्हणून ४० ची उरली असेल. पण ८० चीही उरली होती. हे कोडे अम्मींनी सोडवले. त्या बराच वेळ पाकिटाची चांदी बोटाने गुळगुळीत करत होत्या. मग म्हणाल्या, "ते जुम्माला घेत नसत. रमजानमध्ये तर बिलकुल नाही. कुठे बाहेर जायचे असले तरी नाही. त्या गोळीने सारखे लघवीला लागायचे. जमातीत उभे राहिले की वुजूची धास्ती. डॉक्टरांना सांगायची त्यांना शरम वाटायची."

त्या गोळीत रक्तदाबाच्या औषधाबरोबर लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. डॉक्टर तपासायचे, रक्तदाब चढलेला दिसायचा, ते मात्रा वाढवायचे. आम्ही इमानेइतबारे नवी पाकिटे आणायचो आणि ती डब्यात जायची. डॉक्टरांना वाटे औषध कमी पडते आहे. आम्हाला वाटे अब्बा औषध घेत आहेत. एका वाक्याची गरज होती, "साहेब, या गोळीने मला मशिदीत त्रास होतो." असे सांगणारे रुग्ण कमी नसतात आणि डॉक्टर वेळ बदलतात किंवा दुसरे औषध देतात, हे आम्हाला नंतर कळले. अब्बांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो यामुळेच झाला असे कोणी म्हटलेले नाही, आम्हीही म्हणत नाही. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती. पण तो डबा पाहिल्यापासून आमची झोप उडाली, हे खरे.

आता या ढिगाचे काय करायचे? अम्मींचे मत होते, शेजारच्या चाचींनाही रक्तदाब आहे, त्यांना द्या, सवाब मिळेल. मोठ्या भावजयीने अडवले. चाचींच्या मूत्रपिंडाचा त्रास कोणाला माहीत आहे? डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध म्हणजे ईदचा शीरखुर्मा नव्हे, घरोघर वाटायला. अम्मी रुसल्या, पण ऐकले.

बिले सापडली म्हणून औषध दुकानदाराने चार कोरी पाकिटे परत घेतली. हा त्याचा भलेपणा, सगळे घेत नाहीत. मुदत शिल्लक असलेली बाकीची कोरी पाकिटे एका धर्मादाय दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी पाहून ठेवून घेतली. राहिलेल्या गोळ्या पाकिटातून काढल्या, चहाच्या चोथ्यात कालवल्या आणि पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकल्या. चोथ्यात कालवल्या म्हणजे कोणी उचलून खात नाही. मोरीत ओतायचे नव्हते. आमच्या मोरीचे पाणी पुढे खाडीला जाते.

आता अम्मींच्या औषधांची जबाबदारी आमची आहे. एकदम तीन महिन्यांचे आणणे बंद केले. नवे औषध असेल तर आधी दहा-पंधरा दिवसांचेच. दुकानदार पाकीट कापतो तेव्हा क्रमांक आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहील असे कापायला सांगतो. रमजानच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांकडे जातो. सेहरीला काय, इफ्तारला काय, ते लिहून घेतो आणि त्याच हिशेबाने खरेदी करतो. महिन्याच्या शेवटी उरलेल्या गोळ्या मोजतो. अम्मी चिडतात, "माझी परीक्षा घेता का?"

गेल्या महिन्यात सहा गोळ्या जास्त निघाल्या. धाकट्या बहिणीने शांतपणे विचारले, "अम्मी, ही घेतल्यावर काय होते?" अम्मी आधी म्हणाल्या, काही नाही. मग पदर सावरत म्हणाल्या, "पाय सुजतात गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो.