कन्हानची चढण

आषाढातील पहिल्या मोठ्या पुराच्या रात्री, कामठीच्या वरच्या अंगाला जिथे पेंच आणि कोलार या दोन्ही नद्या कन्हानला येऊन मिळतात त्या बिना संगमाच्या काठावर, मी गेली पुष्कळ वर्षे नेमाने जाऊन बसत आलो आहे. आणि मत्स्यविज्ञान हाच ज्याचा व्यवसाय आहे अशा माणसाने प्रयोगशाळेतील दिव्याखालून उठून चिखलात घोंगडी पांघरून का बसावे, याचे उत्तर मला प्रथम एका वृद्ध ढिवराने दिले. "पान्याले वास आला, साहेब, आता मासोया चढतीन," असे तो म्हणाला, आणि घटकाभरातच उथळ पाण्यात बुडालेल्या गवतातून शेपट्यांचे सपकारे ऐकू येऊ लागले.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्या माद्या ग्रीष्मातच अंड्यांनी भरून आलेल्या असतात, परंतु डोहाच्या निश्चल पाण्यात त्या अंडी सोडीत नाहीत. गढूळ, थंड, वाहते नवे पाणी येऊन काठचे सखल रान जलमय व्हावे लागते, आणि पाऊस रुसला तर पोटातील अंडी देहातच जिरून जातात. किलोभर वजनाची रोहूची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते, यावरून एका हुकलेल्या पुराची किंमत ध्यानात यावी. त्या रात्री ढिवराने हातात घेतलेल्या नराच्या छातीच्या परावर मी बोट फिरवले, तेव्हा तो पर काचकागदासारखा खरखरीत लागला, कारण विणीच्या दिवसांत नराला तो खरखरीतपणा येतो आणि मादीला तसा येत नाही. पुस्तकात कितीदा तरी वाचलेले हे लक्षण माझ्या बोटाला त्या रात्री प्रथमच कळले. नर लगेच पाण्यात सोडला गेला. पहाटे गवताच्या कडेला ओंजळ भरली तो तीत फुगलेल्या साबुदाण्यासारखी, पारदर्शक, किंचित तांबूस अंडी आली.

उत्तर पॅसिफिक महासागरातील चम सॅल्मन हा मासा या चढणीचा दूरचा सोबती म्हणता येईल, परंतु त्याची रीत निराळी. नदीच्या तळच्या खड्यांत जन्मून कोवळ्या वयातच तो समुद्रात उतरतो, बहुधा तीन ते पाच वर्षे तिथे वाढतो, आणि जन्मनदीच्या पाण्याचा वास ओळखून परततो. युकॉनसारख्या नदीत तर अन्न वर्ज्य करून दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर चढून जातो, मादी शेपटीने खड्यांत खळगा उकरून दोन ते चार हजार अंडी पुरते, आणि थोड्याच दिवसांत दोघेही मरून जातात. आमचा रोहू मरत नाही. पूर ओसरला की डोहात परततो आणि पुढच्या आषाढाची वाट पाहतो. जपानच्या होक्काइडो बेटावर चितोसे नदीच्या काठी पात्राला लागूनच भूमिगत काचेची खिडकी केलेली आहे, आणि लोक तिच्यासमोर उभे राहून हा प्रवास पाहतात. कामठीचे लोकही पूर पाहायला पुलावर गर्दी करतात, पण त्यांची दृष्टी पाण्याच्या उंचीवर असते, पाण्याखालच्या या यात्रेची वार्ता त्यांना कोणी दिलेलीच नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

व्यवस्थापनाचा प्रश्न इथेच सुरू होतो. अलास्कात सॅल्मनची मोजदाद आधी होते, विणीच्या जागी किती मासे पोहोचले पाहिजेत तो आकडा ठरतो, आणि उरेल त्याचीच धर होते. २०२१ साली युकॉनमधील चमची आवक कोसळली, तेव्हा काठच्या आदिवासींच्या घरगुती मासेमारीलाही मनाई करावी लागली. हा बंदोबस्त कठोर खरा, पण त्याच्या मुळाशी मोजणी आहे. आपल्याकडे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग आणि विष यांना बंदी घातली, आणि जाळ्याच्या आसाचे माप नि मासेमारीचा बंद काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. दप्तरात हे सारे आहे, मात्र चढणीच्या रात्री ओढ्याच्या मुखावर काठापासून काठापर्यंत ताणलेले जाळे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याविषयी दिलेल्या माझ्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडविली, आणि तेव्हापासून मत्स्यजिरे नि बोटुकली या माशांच्या पिलांसाठी पुराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. या विद्येचा मी ऋणी आहे, माझी उपजीविकाच तिच्यावर चालली. तरीही तलावात बीज सोडले की नदीची जबाबदारी संपली, ही जी समजूत तिच्या आडून रुजली, ती मला मान्य नाही. अंभोऱ्याजवळ कन्हान वैनगंगेला मिळते, तिथपर्यंत आता गोसीखुर्दच्या जलाशयाचे पाणी पसरलेले असते. त्या पाण्यात वाढलेल्या माशाला विणीसाठी वाहते पाणी हवे असेल तर कन्हानचा मार्ग आहे, पण तो पेंचेत वळला तर नवेगाव खैरीच्या धरणाची भिंत आडवी येते, आणि कोलारच्या बाजूस औष्णिक वीज केंद्रांची राख पाण्यात उतरते. म्हणून संगमापासून कामठीच्या पुलापर्यंतचा हा टप्पा, निदान पहिल्या पुराच्या आठवड्यात, जाळ्यावाचून राहावा, मासेमारीच्या ठेकेदाराला ती अट ठेक्याच्या कागदातच घालावी, आणि मासे मोजण्याचे काम ढिवरांना मजुरी देऊन सोपवावे, असे माझे मत आहे. पाण्याचा वास त्यांना कळतो, आणि मला तो अजून कळत नाही.

त्या पहाटेची अंडी मी पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात ठेवून घरी आणली होती. सूर्य मावळला तेव्हा त्यांत काळसर ठिपक्यांची हालचाल दिसू लागली, आणि दिवा जवळ धरला तो एकेक जीव आवरण फोडून बाहेर येत होता. रात्रीच परत जाऊन ते सारे संगमाखालच्या संथ पाण्यात सोडले. म्हातारा तिथेच होता, आणि त्याच्यापुढे, गेल्या माशांमागे एक याप्रमाणे, खड्यांची रास पडलेली होती.