काठाचा शोध

नदी शहरातून वाहते म्हणून तिचा काठ शहराचा असतोच असे नाही, ही गोष्ट पुण्यात गळ घेऊन हिंडणाऱ्याला फार लवकर कळते. मुळा आणि मुठा संगमापाशी एकत्र येतात आणि मुळा-मुठा होऊन पुढे भीमेकडे जातात. नकाशावर पाहावे तर काठ मैलोगणती आहे. प्रत्यक्षात लष्कराची हद्द, सोसायट्यांच्या भिंती, राडारोड्याचे ढीग आणि नाल्यांची तोंडे वगळली, की दोन माणसांना शेजारी बसून गळ टाकता येईल अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. सुटीच्या पहाटे अशा जागा धुंडाळणे हा आम्हा दोघांतिघांचा जुना छंद आहे. मासा क्वचितच लागतो. पण या भटकंतीत जे ध्यानी आले ते साहित्याच्या वाचकांनाही परके वाटू नये.

आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीचे विद्यार्थी त्याकडे ग्रामीण सौंदर्याचे गद्य म्हणून पाहतात. आम्हांस मात्र त्यातली साधी भौगोलिक गोष्ट मोलाची वाटते: त्यातील माणसे लंडनची वेस ओलांडून टॉटनहॅमच्या चढावर भेटतात आणि ली नदीच्या खोऱ्यातून चालू लागतात. म्हणजे हे पुस्तक शहरातून पायी जाऊन गाठता येईल अशा पाण्याचे आहे. तेथवर जाणारी वाट मोकळी आहे, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. आपल्याला ते गृहीत धरता येत नाही.

चांगली जागा ओळखायची कशी? प्रवाह जेथे वेग सोडतो तेथे मासा विसावतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल असते, आतल्या अंगाला गाळ साचतो. बंधाऱ्याखाली पाणी आपटून त्यात हवा मिसळते, म्हणून उन्हाळ्यात मासे तेथे गोळा होतात. दोन प्रवाह मिळतात त्या रेषेवर वाहून आलेले खाद्य रेंगाळते. काठावर करंज किंवा उंबर असेल तर सावलीही मिळते आणि पाण्यात पडणारे किडे-फळेही. याउलट पाण्यावर फेस तरंगत असेल, तळातून बुडबुडे येत असतील, तर गळ सोडवण्यातही अर्थ नसतो. पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणीचे मासे वर येतात. तेव्हा जागा शोधावी लागत नाही, पण ते अंडी घालायला निघालेले असतात. त्या दिवसांत आम्ही गळ घरीच ठेवतो.

या पाण्याची एक वही फार पूर्वी लिहिली गेली आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. पुण्याच्या नदीचे नाव त्याने ‘मोटा मोला’ असे ऐकले आणि तसेच लिहिले. माशांना नावे देताना त्याने अनेकदा येथलेच शब्द लॅटिनच्या शेजारी बसवले. महसीराची एक जात ‘खुद्री’ झाली, शिंगाळा ‘सींघाला’ झाला, खडकाला चिकटून राहणारा मळ्या ‘मुल्या’ झाला, कोळस ‘कोलुस’ झाला. हे शब्द ज्यांच्या तोंडचे, ते काठावरचे लोक कोण, हे लॅटिन नावांत अर्थातच नाही. पण काठ मोकळा होता, त्यावर माशांशी रोजचा संबंध असलेली माणसे होती, म्हणून ते शब्द कोणाच्या तरी कानावर पडू शकले.

आज त्याच पाण्यात गळाला बहुधा तिलापिया लागतो. हा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला गेला. घाण पाणी तो सोसतो. आम्ही तो घरी नेत नाही. ज्या पाण्यात सांडपाणी मिसळते त्यातले काही पानात वाढावे असे वाटत नाही. खुद्री पाहायची तर लोणावळ्याकडे जावे लागते, जेथे महसीराची पैदास करून पिल्ले वाढवली जातात. शहराबाहेरच्या धरणांवर पाणी स्वच्छ आहे, परंतु तेथली मासेमारी बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. हे योग्यच आहे; ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना विचारल्याशिवाय हौशी माणसाने तेथे गळ टाकू नये.

उरतो शहरातला काठ. नदीकाठ सुधारण्याची मोठी कामे पुण्यात २०२२ पासून सुरू झाली. चालायला वाट, बसायला बाके, डोळ्यांना हिरवळ, या गोष्टी कोणाला नको आहेत? आमची शंका वेगळी आहे. बांधीव उतारावरून नदी छान दिसते, पण तिच्यात हात बुडवता येत नाही. उथळ काठ, मुळांची जाळी, दगडांच्या कपारी नाहीशा झाल्या तर मळ्यासारख्या माशाला थारा कोठला? आणि पाण्यापर्यंत उतरलेच नाही तर पुढच्या मुलांना मळ्या आणि कोळस यांतला फरक तरी कोण सांगणार? ते शब्द मग फक्त लॅटिनमध्ये राहतील.

अजून संगमाच्या खालच्या अंगाला, एका जुन्या उंबराखाली, तीनचार माणसे बसू शकतील एवढी जागा आहे. तेथे जाणाऱ्याने आधी बसलेल्यापासून दहा पावले दूर बसावे, मोठ्याने बोलू नये आणि तुटलेला दोर गुंडाळून परत न्यावा. जागा नेमकी कोठे ते आम्ही सांगणार नाही. गळ टाकणाऱ्यांत तशी रीत नाही. काठाने चालत गेलात तर सापडेल.