वालुकाश्माची कमान

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे उभे राहतात. अमेरिकेच्या यूटा राज्यातील वाळवंट मात्र या चित्रात बसत नाही. तेथील वाळूचा केव्हाच दगड झाला आहे. मोआब गावाच्या उत्तरेस असलेल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात तांबड्या वालुकाश्माच्या २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत.

या कमानी कोणी घडवल्या? कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे साचलेल्या वाळूचे कण खनिजांनी एकमेकांस चिकटले व त्यांचा खडक झाला. लोहाच्या अंशामुळे त्याला तांबडा रंग आला. खाली एका आटलेल्या समुद्राच्या मिठाचा जाड थर होता. वरच्या भाराने तो सरकला आणि खडकाला समांतर भेगा पडल्या. त्या भेगांत पाणी शिरले. हिवाळ्यात त्याचा बर्फ होऊन फुगला आणि कण कण सुटत गेला. भेगांमधून खडकाच्या उभ्या भिंती उरल्या, भिंतींना खिंडारे पडली आणि त्यांच्याच कमानी झाल्या.

नोव्हेंबरातील एका दुपारी मोआबला मुक्कामास असलेल्या एका हौशी छायाचित्रकाराच्या मनात एकाएकी आले, की डेलिकेट आर्च ही कमान आजच पाहावी. त्याने कॅमेरा खांद्याला अडकवला, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि तो निघाला. विजेरी जवळ नव्हती. वुल्फ नावाच्या वसाहतकऱ्याच्या जुन्या लाकडी खोपटापासून पायवाट सुरू होते. कमान तेथून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि चढ दीडशे मीटरच्या आसपास आहे. अर्ध्या वाटेनंतर उघडा, गुळगुळीत खडक लागतो. त्यावर पाऊल उमटत नाही. दगडांच्या लहान लहान ढिगांवरूनच दिशा ओळखावी लागते.

वाटेत एका बाजूस सूर्यप्रकाशात न्हालेली कड्यांची रांग दिसली. चार पावले आत गेल्यास सुंदर चित्र मिळणार होते. पण मध्ये मातीचा काळसर, खरबरीत थर पसरला होता. तो थर सजीव असतो. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ व दगडफूल यांनी माती तेथे धरून ठेवलेली असते. एका पावलाने तो मोडला, तर पूर्ववत होण्यास कित्येक वर्षे लागतात. छायाचित्रकार क्षणभर थांबला आणि खडकावरूनच पुढे गेला.

अखेरच्या वळणावर कमान समोर आली. सुमारे सोळा मीटर उंचीची ती कमान एकाकी उभी होती आणि तिच्यामागे दूरवर ला साल पर्वताची हिमाच्छादित शिखरे होती. सूर्य कलू लागताच दगड शेंदरी दिसू लागला. अनेकजण सूर्यास्ताच्या अखेरच्या क्षणाची वाट पाहत बसले होते. उत्तम प्रकाश अजून यायचा होता. परंतु अंधारात दगडांचे ते ढीग दिसले नसते. त्याने मोजकी छायाचित्रे घेतली आणि उजेड असतानाच तो परत फिरला.

हा संयम सर्वांनाच साधतो असे नाही. २००० साली एका छायाचित्रकाराने प्रकाशासाठी याच कमानीखाली आग पेटवली आणि खडकावर डाग पडले. चांगल्या चित्राच्या हव्यासापायी ज्याचे चित्र घ्यायचे, त्यालाच इजा झाली.

आणि या कमानी काही चिरंतन नाहीत. १९९१ साली याच उद्यानातील लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा कोसळला. २००८ च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च ही कमान पूर्णपणे ढासळली. ज्या झिजेने त्यांना रूप दिले, तीच त्यांना एक दिवस नाहीसे करणार आहे. ते काम वारा-पाण्यावर सोडावे. माणसाने आपल्या पावलांनी आणि आगीने त्यात भर घालू नये, एवढे तरी त्याच्या हाती आहे.