झाकण

व्हिडिओ 2 मिनिटं 40 सेकंदांचा आहे. ताईच्या हॉलमधली फरशी, त्यावर स्टीलच्या डब्याचं झाकण गरगर फिरवणारा माझा 4 वर्षांचा भाचा आणि शेजारी मांडी घालून मी. तेवढ्या वेळात मी त्याला 19 प्रश्न विचारले. हे काय आहे? रंग कुठला? मामा म्हण ना! उत्तर एकाचंही नाही. मध्येच त्याने झाकण माझ्या गुडघ्याकडे सरकवलं. मी ते उचलून बाजूला ठेवलं आणि ठोकळे पुढे केले.

थेरपिस्ट मॅडमनी नेमकं तिथे पॉज केलं. बोलल्या काहीच नाहीत. मलाच मान वर करवेना.

व्हिडिओ बघायची ही पद्धत मूळ ब्रिटनची, 'पॅक्ट' नावाची. मोठं माणूस मुलाशी खेळतं, त्याचं शूटिंग होतं आणि मग ते थेरपिस्टसोबत बसून बघायचं. म्हणजे शिकवणी आपली, मुलाची नाही! तिचंच सोपं रूप गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत 65 मुलांच्या अभ्यासात तपासलं गेलं. 6 महिने, दर पंधरवड्याला एक सत्र. सत्रं घेणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम 'गेला' असं कुणी म्हटलेलं नाही. तसं म्हणणारे यूट्यूबवर भरपूर आहेत, त्यातले निम्मे मी ताईला फॉरवर्ड केलेत.

आणखीही एक केलंय. भाचा 2 वर्षांचा असताना ताई म्हणाली होती, "हा हाक मारली तरी बघत नाही रे." मी म्हटलं, मुलगे उशिराच बोलतात, मी नाही का तीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होतो? घरात इंजिनिअर मी एकटा, म्हणून माझं ऐकलं गेलं. डॉक्टरकडे जायला आणखी 8 महिने गेले. ताईने हे कधीच काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

आता रविवारी मी दुसरं झाकण घेऊन त्याच्यासमोर बसतो. तो फिरवतो, मग मी फिरवतो. प्रश्न नाहीत. गप्प बसणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं, पहिल्या रविवारी तर मी दर मिनिटाला फोन बघत होतो.

गेल्या रविवारी माझं झाकण सोफ्याखाली गेलं. मी उठलो नाही. त्याने स्वतःचं थांबवलं, माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी फिरवेपर्यंत.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काही बोलला?"

"नाही. झाकण दिलं."

ती आत गेली, गॅस बंद केला आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण घेऊन आमच्यात येऊन बसली.