जुनं कर्नल राहू द्या, दाजी

आमचे लातूरचे दाजी कित्येक महिने संगणकाच्या कोपऱ्यातल्या अपडेटच्या खुणेला हात लावत नव्हते. कारण साधं होतं. त्या मशीनमध्ये आमच्या ताईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, आणि ताई आता नाही.

"गुरुजी, ते कर्नल का फिर्नल बदलायला गेलो आन् सगळंच पुसलं तर?"

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा पुतण्याने त्यांच्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट बसवून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. मागे उरलो मी, नांदेडात, फोनवर!

कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ दाणा, टरफलाच्या आतला गर. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा हा दाणा तयार केला. डिस्क, कीबोर्ड, वाय-फाय यांच्याकडून काम करून घेतो तो हाच. ओव्या असतात होम फोल्डरमध्ये, कर्नल राहतं बूट नावाच्या फोल्डरमध्ये. घरं वेगळी. तरीही मी दाजींना आधी ओव्या पेनड्राइव्हवर उतरवायला लावल्या, आणि पेनड्राइव्ह कपाटात ठेवल्याशिवाय पुढचं बोललो नाही.

"चाललंय ते चालू द्यावं की," असंही दाजी म्हणालेच. आता २००७ सालापासून कर्नलमध्ये एक भोक होतं, ते २०१६ मध्ये उघडकीला आलं. डर्टी काऊ त्याचं नाव. त्यातून साधा वापरकर्ताही मशीनचा मालक होऊ शकत होता. सुधारित कर्नल आलं तेव्हा ते बुजलं, पण ज्याने ते घेतलं त्याच्यापुरतंच.

कुठल्या तरी साइटवरून कर्नल उतरवून घ्यायचं नाही, ॲप्टकडूनच मागायचं. ॲप्ट म्हणजे पॅकेज मॅनेजर. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेच्या पाकिटाचं सील आम्ही आधी तपासायचो, तसं हा आलेल्या मालावरची सही तपासतो. कशाला काय सोबत लागतं तेही त्यालाच ठाऊक.

आणि दाजींना पटली ती गोष्ट पुढेच आहे. नवं कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतं. जुनं तसंच राहतं.

सकाळची वेळ धरली, कारण पावसाळ्यात दुपारनंतर लाइटचा भरवसा नसतो. टर्मिनल उघडून आधी 'युनेम', मोकळी जागा, आडवी रेघ आणि आर असं इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायला सांगितलं. जो आकडा आला तो वहीत लिहून घेतला. मग 'सुडो ॲप्ट अपडेट'. याने नुसती मालाची यादी ताजी होते, बसत काहीच नाही. (नवशिके इथेच झालं समजून उठतात.) मग 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. काय काय येणार ते दाखवून तो हो की नाही विचारतो. ते वाचायचं. दाजींनी मला सगळं वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत, पंधरा मिनिटं! डिस्क भरली असल्याची तक्रार आली असती तर तिथेच थांबलो असतो.

मशीन पुन्हा सुरू केल्याशिवाय नवं कर्नल कामाला लागत नाही. रीस्टार्टचं बटण दाबायला दाजी तयार होईनात. मी म्हटलं, नाहीच चाललं तर सुरू होताना एस्केप दाबायचं, जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. ग्रब नावाचा मेनू येतो. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन वहीतला आकडा निवडायचा, की कालचंच मशीन पुढ्यात. दाजींनी हेही वहीत लिहून घेतलं, आणि मगच बटण दाबलं.

दोन मिनिटं फोनवर कुणीच बोललं नाही. मग पलीकडून जात्याची घरघर ऐकू आली. त्यांनी पहिली ओवी लावली होती.

युनेमचा नवा आकडा त्यांनी संध्याकाळी कळवला. आवाज, वाय-फाय, प्रिंटर चालतात का ते आठवडाभर बघा आणि मग जुन्याचं काय ते ठरवू, असं मी म्हटलं होतं. आता दोन महिने झाले. दाजी म्हणतात, राहू द्या, काही खायला मागत नाही ते.