तेरडा: एका पावसाचे फुलझाड

बागेसाठी फुलझाडाची निवड बहुधा रंगावरून केली जाते; ते झाड कोणत्या ऋतूच्या आधाराने जगते, हा विचार मागाहून येतो आणि तोवर रोप वाळलेले असते. विलायती बागांमधील कोलंबाईनचे फूल मराठवाड्यात का रुजत नाही, याचे कारण या क्रमातच सापडते. मोरवेल कुलातील अ‍ॅक्विलेजिया या प्रजातीची ही बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे जगणारी, फुलझाडे उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात वाढतात आणि भारतात ती पश्चिम हिमालयाच्या कुरणांत व वनांच्या कडेला आढळतात. त्यांच्या अनेक जातींच्या बियांना उगवण्यापूर्वी काही आठवडे ओलसर गारवा लागतो, आणि रोपांना कळी धरण्यासाठी हिवाळ्याची कडक थंडी सोसावी लागते. थंडीच्या संस्काराने फुलण्याची क्षमता येण्याच्या या क्रियेला वासंतीकरण म्हणतात. नांदेड आणि लातूर येथे हिवाळा सौम्य आणि थोडक्या दिवसांचा असतो, तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. अशा ठिकाणी कोलंबाईनचा आग्रह धरणे म्हणजे झाडाला आणि माळ्याला सारखाच त्रास देणे होय.

तथापि, कोलंबाईनच्या ज्या वैशिष्ट्यावर लोक लुब्ध होतात, ते मराठवाड्याच्या अंगणात फार पूर्वीपासून आहे. कोलंबाईनच्या पाचही पाकळ्या मागच्या बाजूस लांबट नळीसारख्या वाढलेल्या असतात. या नळीला शुंडिका म्हणतात आणि तिच्या टोकाशी मध साठतो. ज्या जातीकडे लांब सोंडेचे पतंग येतात, तिची शुंडिका लांब असते, आणि ही लांबी मुख्यतः पेशींची संख्या वाढल्याने नव्हे, तर पेशी ताणल्या गेल्याने येते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेरड्याचे फूल उलटून पाहिले असता तशीच एक बारीक, वाकडी नळी तेथेही दिसते. फरक इतकाच की ती पाकळीची नसून होडीसारख्या एका निदलाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या मंडलातील दलाची, असते. कुल वेगळे, अवयव वेगळा, पण कीटकाला मधापर्यंत खोल शिरावयास लावून त्याच्या अंगाला पराग फासण्याची युक्ती एकच, हे निसर्गातील समांतर रचनेचे सुंदर उदाहरण आहे.

तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना असे असून, त्याचे मूलस्थान भारत व आग्नेय आशियाचा प्रदेश मानले जाते. मराठीत मात्र त्याची ओळख ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीने अधिक ठरली आहे, आणि उतावळ्या, न टिकणाऱ्या उत्साहाला ती लावली जाते. निरीक्षण म्हणून ही म्हण खोटी नाही, कारण एक फूल खरोखरच थोडे दिवस टिकते. परंतु त्या दिवसांत फुलाच्या आत काय घडते, हे पाहिल्यास निष्कर्ष बदलतो. उमललेल्या फुलात आधी पुंकेसर पक्व होतात आणि त्यांचे परागकोश एकत्र जुळून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसलेले असतात. पराग वाटून झाले की ही टोपी गळून पडते, मग स्त्रीकेसर उघडा पडतो आणि तेच फूल दुसऱ्या फुलाचे पराग स्वीकारू लागते. आधी देणे आणि मग घेणे अशी दोन्ही कामे उरकून फूल गळते, आणि त्याच खोडावर पानांच्या बगलेत नव्या कळ्या तयार असतात, त्यामुळे झाडाचा बहर आठवडेच्या आठवडे चालू राहतो. म्हणीने फूल मोजले, झाड मोजले नाही.

लागवडीच्या दृष्टीने तेरडा सोपा असला तरी मराठवाड्यातील काळ्या कापसाच्या जमिनीत त्याची एक अडचण असते. ही माती चिकण असून पाणी धरून ठेवते, आणि तेरड्याचे खोड रसाळ व मुळे उथळ असल्यामुळे चिबड जागेत बुंध्याशी कूज लागून उभे रोप एकाएकी माना टाकते. म्हणून वाफा भुईपेक्षा वीतभर उंच घ्यावा, तळाशी मुरूम घालावा आणि मातीत कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. मृगाचा पाऊस पडून जमीन निवली की बी पातळ पेरून त्यावर मातीचा हलका थर द्यावा. आठवड्याभरात कोंब वर येतात, आणि चार-सहा पानांवर विरळणी करून दोन रोपांत सुमारे ३० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास हवा खेळती राहते व पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखा बुरशीरोग, कमी येतो. शेंडा एकदा खुडल्यास झाड फांद्या धरते. पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी फूल येत असल्याने मृगातले रोप श्रावणात कळी धरते आणि भाद्रपदात भर बहरात असते.

बहराचा हा मेळ भाद्रपदातील गौरीच्या सणाशीही जुळतो. कोकणात तेरड्याचे मुळासकट उपटलेले रोपच गौर म्हणून घरात आणले जाते, तर मराठवाड्यात मुखवट्यांच्या महालक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा त्यांचाही मुक्काम तीन दिवसांचाच असतो, आणि त्याला कोणी उणे म्हणत नाही. हिंदी-उर्दूत या फुलझाडाला गुलमेहंदी म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे, कारण मेंदीला रंग देणारे लॉसोन हे द्रव्य तेरड्यातही सापडते. कोरियात तर याच फुलांनी नखे रंगविण्याची जुनी चाल आहे.

फुले संपल्यावर लवदार, टोकाकडे निमुळती बोंडे लागतात. पक्व बोंडाला बोट लागताच त्याचे पाच तुकडे स्प्रिंगप्रमाणे वळतात आणि बी दूर फेकले जाते. म्हणून बी राखावयाचे असेल तर बोंड हिरवे सोडून पिवळसर होऊ लागताच हाताच्या मुठीत धरून खुडावे, आणि बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे.

पुढचा सारा उन्हाळा झाड बीच्या रूपाने काढते, आणि हीच गोष्ट या प्रदेशात सर्वांत मोलाची आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांत वर्षाचा सरासरी पाऊस ८०० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास असला तरी त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, आणि एखादे वर्ष दगा देते. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, तेव्हा वर्षभर पाणी मागणारे हिरवळीचे गालिचे किती अवाजवी आहेत, हे वेगळे सांगावे लागले नाही. तेरडा पावसात उगवतो, पावसात फुलतो आणि परतीच्या पावसासोबत बी टाकून निघून जातो. मध्येच पावसाचा खंड पडला तर बुंध्याशी सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन आणि तांदूळ धुतलेले पाणी एवढ्यावर तो तग धरतो. मराठवाड्यात बाग करू इच्छिणाऱ्याने दुर्मीळ विलायती बियांच्या मागे लागण्याआधी शेजाऱ्याकडून तेरड्याची एक पुडी मागून आणावी, मृगात पेरावी, आणि भाद्रपदानंतर आपल्या बोंडांतले बी आणखी दोन घरांना द्यावे.