पट्टीवरचा ‘एल’

नव्या लॅपटॉपला तीस हजार लागतात. शिलाईतून माझ्याकडे साठले होते दीड हजार. बी.कॉम.ला असलेल्या लेकीचा जुना लॅपटॉप टॅली उघडली की मान टाकायचा. रॅम चार जीबीची, पण एक स्लॉट रिकामा होता.

माझ्या भावाने बंद पडलेल्या कॉम्प्युटरची पट्टी काढून दिली. ती लांब निघाली. लॅपटॉपला आखूड लागते. मग देवळाली प्रवराहून राहुरीला गेलो. दुकानदाराने डीडीआर4 पुढे केली. लेकीने जुनी पट्टीच काढून दाखवली. तिच्यावर लिहिले होते, पीसी3एल-12800एस. म्हणजे डीडीआर3, आणि ‘एल’ म्हणजे 1.35 व्होल्टवर चालणारी. डीडीआर4ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. साधी डीडीआर3 बसते, पण तिला 1.5 व्होल्ट लागतात. कमी व्होल्टच्या लॅपटॉपात ती चालेलच असे नाही.

“भाभी, एक आहे, पण वापरलेली. गॅरंटी नाही,” दुकानदार म्हणाला. मालातला ऐब आधी सांगावा, ही आपल्या दीनची शिकवण. त्याने ती पाळली. तिथेच लावून, चालवून पाहिली आणि पाचशे दिले.

आता लेक घरी बसून दोन दुकानांचे हिशेब लिहिते, अल्हम्दुलिल्लाह. उरलेल्या हजारात तिने माझ्या शिलाई मशीनला मोटर बसवायला लावली.